वाघबारशीच्या आधीच्या शेंगा

डहाणू रोड
रविवार, २ जुलै २०१७

सुनिता,

‘इकडे सर्व ठीक’ असं लिहिलं आणि खोडलं. ते खरं की खोटं याचा विचार न करताच हात लिहून गेला होता. तुझा नवसारीचा पत्ता मामाच्या नविनदादाने दिला. मी फार मागे लागले म्हणून दिला, त्याच्यावर चिडू नकोस.

मला काय हवं आहे ते आधीच सांगते, म्हणजे वाचायचं की नाही ते तुला ठरवता येईल. तू माझ्याशी परत बोलावंस, एवढंच. आईच्या ऑपरेशनच्या कागदावर मी तुला न विचारता सही केली आणि आठव्या दिवशी आई गेली. आपल्याला दोघींनाही ठाऊक होतं की तिला कापाकापी नको होती, तिला गावी, धाकट्या डहाणूला घरी यायचं होतं. मी तुला फोन लावला होता, लागला नाही, आणि डॉक्टर थांबायला तयार नव्हते. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. ऑगस्टमध्ये दोन वर्षं होतील.

आता दुसरं. गेल्या महिन्यापासून दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी रानशेतला जाते. तिथल्या एका पाड्यावर अंगणवाडीच्या मागे बायकांनी मिळून भाजीची बाग केली आहे. तिथली अंगणवाडीताई प्रगती आमच्या शाळेच्या ग्रंथालयात परसबागेवरचं पुस्तक शोधत आली होती. पुस्तक नव्हतं. ती इतकी हिरमुसली की मी म्हटलं, मीच येते मदतीला. पुस्तकाच्या बदली ग्रंथपाल! मला कोथिंबीर आणि गाजराचा पाला ओळखता येत नाही हे मी तिला सांगितलं नाही.

अकरा घरं, चौदा वाफे. एकही वाफा कुणा एकीचा नाही. सगळ्यांनी सगळीकडे राबायचं, भाजी आली की आधी अंगणवाडीच्या पातेल्यात, उरेल ती अकरा घरांत. डहाणू रोडहून शाळेतले आम्ही सहा जण गेलो होतो. चिखल झाल्यावर मी एकटीच उरले. सेवाभाव वगैरे नाही, शनिवारी दुपारी घरी गेलं की काय करावं ते मला कळत नाही, म्हणून.

पहिल्या दिवशी रखमी नावाच्या बाईने मला फावडं चालवताना पाहिलं आणि सगळ्यांना हाक मारली, “या गं या, शाळेतली बाय जमिनीला गुदगुल्या करते!”

मी हसले. खूप दिवसांनी हसले, असं डायरीत लिहून ठेवलं आहे.

निलम


डहाणू रोड
रविवार, २७ ऑगस्ट २०१७

सुनिता,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून चालले नव्हते, पण पोस्टमन दिसला की मान वर जाते.

आईचं श्राद्ध मी घरीच केलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

बागेबद्दल लिहिते, कारण तिथे गेलं की मला कुणाचे तरी आभार मानावेसे वाटतात आणि ते कुणाचे हे नीट कळत नाही. भेंडी कमरेइतकी झाली. दुधीचा वेल अंगणवाडीच्या पत्र्यावर चढला. कुंपणाला सगळीकडे चवळी आहे, तिला जांभळी फुलं आली आहेत. आपण माशांच्या घरच्या. आपल्याकडे जमीन म्हणजे बोंबील वाळवायची जागा. मी लावलेल्या बियांतून काहीतरी वर आलं हे बघायला मला चव्वेचाळीस वर्षं लागली.

शिकवते ती जानी. तिशीची असेल. तिची सासू धोंडी म्हणजे पाड्यातली सगळ्यात मोठी बाई, तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. पण बियाणं जानीच्या ताब्यात असतं. राखेत घोळवून, वाळक्या दुधीच्या भोपळ्यांत भरून तिने ते चुलीवरच्या फळीवर ठेवलेलं आहे. कुठल्या भोपळ्यात काय, ते हलवून आवाजावरून सांगते. मला डोळे मिटायला लावून परीक्षा घेतली. मी वालाला चवळी म्हटलं.

“ताई, तुझे कान पुस्तकात राहिले,” ती म्हणाली.

मागच्या शनिवारी मी सुके बोंबील घेऊन गेले, अकरा घरांना अकरा पुड्या. धोंडीने पुडी नाकाशी धरली, डोळे मिटले आणि म्हणाली, “हां. आता ही बाय कामाची.” त्या दिवसापासून मी बोंबीलवाली बाय. परत येताना इको गाडीत माझ्या मांडीवर त्यांनी दिलेली भेंडीची पिशवी होती. मी त्यांना मदत करायला जाते, असं शाळेत सगळ्यांना सांगते. पिशवी कोण कुणाला देतं ते सांगत नाही.

तुला भेंडी आवडायची. अजून आवडते का?

निलम


डहाणू रोड
रविवार, २४ सप्टेंबर २०१७

सुनिता,

बागेत एक वाईट गोष्ट झाली. तुला का सांगते आहे ते माहीत नाही. सांगायला दुसरं कुणी नाही, हे खरं कारण असावं.

सोळा तारखेला बाहेरून काही पाहुणे बाग बघायला येणार होते. त्यांना पसंत पडली असती तर हातपंपापासून पाइप मिळणार होता. सध्या बायका हंडे वाहतात. प्रगती आणि मी सकाळपासून आवराआवर करत होतो. कुंपणावर चवळीच्या शेंगा लोंबत होत्या, हिरव्यागार, काही तर निबर व्हायला लागल्या होत्या. प्रगती पाहुण्यांना आणायला रस्त्यावर गेली, तेव्हा मी दोन टोपल्या तोडल्या आणि मदतनीस बाईला मुलांच्या भाजीत घालायला लावल्या. ती बाजूच्या गावची, ती काही बोलली नाही. मुलांनी खाल्लं, पाहुण्यांनी खाल्लं, मीही खाल्लं. फोटो निघाले.

मग धोंडी आली. तिने मुलांच्या ताटांत पाहिलं.

त्यांच्याकडे नवं पीक देवाला ठेवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. चवळीचं नवं वाघबारशीला, दिवाळीच्या तोंडावर. तोवर ती कुंपणावर वाळून गेली तरी चालते. म्हातारे-कोतारे थांबलेले असतात, गरोदर बायका थांबलेल्या असतात. आणि मी पोरांना वाढून मोकळी झाले. तिथल्या रीतीची मला कल्पना नव्हती.

धोंडी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, “तुला कुणी सांगितला नाय?”

मी म्हटलं, “नाही.”

ती जानीकडे वळून बघत राहिली. जानी खाली बघत होती. पाहुणे गाडीत बसत होते.

काल गेले तर बागेच्या फाटकाच्या झापाला दोरी बांधलेली. आत कुणी नाही. प्रगती म्हणाली, बायका येत नाहीत, भाजीला कुणी हात लावत नाही. भेंडी निबर झाली आहे. मी एकटीने दोन वाफ्यांतलं गवत काढलं आणि परत आले.

न कळत झालेल्या गोष्टीची शिक्षा किती असावी, असा विचार दिवसभर करते आहे.

निलम


डहाणू रोड
रविवार, ८ ऑक्टोबर २०१७

सुनिता,

मागचं पत्र तू फाडलं नसशील तर काढ. त्यात ‘मला कल्पना नव्हती’ असं एक वाक्य आहे. ते खोटं आहे.

जानीने मला सांगितलं होतं. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, कुंपणाजवळ, स्पष्ट. “ताई, ह्या शेंगा राहू दे हां. वाघबारशीला नवं होईल, मग तोडू.” मी “हां हां” म्हटलं. मी तेव्हा पाइपचा विचार करत होते, पण ऐकलं होतं. सोळा तारखेला शेंगेला हात घालतानाही आठवलं होतं. मी मनात म्हटलं, इतक्या चांगल्या शेंगा, पाहुणे रोज येत नाहीत, पोरांच्या पोटात जातील तर देव काय रागावणार आहे. आणि सगळ्यात आत, हे लिहायला मला दोन आठवडे लागले: विचारलं तर धोंडी नको म्हणेल. म्हणून विचारलं नाही.

आपल्या बाबांनी नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात लोटली असती का? समुद्र शांत असता, मासा समोर उड्या मारत असता, तरी? मला रीत कळत नव्हती असं म्हणायला मी काही मुंबईहून आलेली नाही.

काल प्रगतीकडून कळलं की धोंडीने जानीच्या हातून बियाणं काढून घेतलं. सगळे भोपळे फळीवरून उतरवून स्वतःच्या खोलीत नेले. नव्या माणसाला रीत सांगायचं काम जानीचं होतं, आणि तिने ते केलं नाही, असं आता पाड्यात सगळे धरून आहेत. जानीने तोंड उघडलेलं नाही. तिने एकदा म्हटलं असतं, ‘मी सांगितलं होतं,’ तर झालं असतं. ती का बोलली नाही ते मला समजत नाही.

पुढच्या शनिवारी जाऊन सगळ्यांसमोर सांगणार आहे. इथे लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही. त्यांनी परत पाऊल टाकू दिलं नाही तर तेही बरोबरच असेल.

निलम


डहाणू रोड
मंगळवार, १७ ऑक्टोबर २०१७

सुनिता,

शनिवारी गेले. प्रगतीने बायकांना अंगणवाडीच्या ओट्यावर बोलावून ठेवलं होतं. सात-आठ जणी आल्या. धोंडी भिंतीला टेकून बसली होती. जानी सगळ्यात मागे, दाराशी.

मी वाक्यं पाठ करून गेले होते. ती विसरले. नुसतं म्हटलं, “जानीने मला सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. तरी तोडल्या. आणि मग खोटं बोलले.”

मग धोंडी म्हणाली, “देवाचं काय. देव जुना आहे, त्याला माणसं ठाऊक आहेत. त्याच्यापुढे नारळ ठेवू, तो मानेल. पण तू माझ्या सुनेला खोटी पाडलीस. माझ्या हातून तिचं बियाणं काढवलंस. मी म्हातारी आता तिच्यापुढे कशी उभी राहू, सांग.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी खोटं बोलले त्याचा भार जानीवर पडला एवढंच मी धरलं होतं. तो धोंडीवरही पडला होता.

मी जानीला विचारलं, “तू का नाही बोललीस?”

“सासूसमोर, पाहुण्यांसमोर तुला खोटी म्हणू?” ती म्हणाली. “तू आमच्याकडे आलेलं माणूस. मला वाटलं, तू स्वतः बोलशील. आज बोलेल, उद्या बोलेल. चार शनिवार गेले.”

“पण मी ऐकलं होतं हे तुला कसं…”

“तू हां म्हटलंस ना.”

“दोनदा म्हटलंन असेल,” रखमी म्हणाली. “शिकलेल्या बायने दोनदा हां म्हटला का समजायचं, तो नाय असतो!”

पहिली धोंडी हसली. मग सगळ्या. मला रडू येत होतं, तरी मीही हसले.

धोंडी उठली. म्हणाली, “वाघबारशीपर्यंत सगळ्या वाफ्यांना पाणी तूच भर.”

“वाघबारस तर परवा आहे,” प्रगती म्हणाली.

“म्हणून तं सांगितला. जास्त दिवस दिले आणि ही मेली तर उत्तर कोण देईल?”

शनिवारी आणि रविवारी मी हातपंपावरून किती हंडे आणले ते मोजलं नाही. आज हात खांद्याच्या वर जात नाही. अक्षर त्यामुळे असं आलं आहे. रविवारी संध्याकाळी जानी आली आणि तिने दुसरा हंडा उचलला. मी म्हटलं, शिक्षा मला आहे. ती म्हणाली, “पाणी भाजीला आहे.”

आणि काल सोमवारी मी शाळेतून रजा काढून गेले. पुरुषमाणसं शिवेवरच्या वाघदेवाला जाऊन आली. मग घरोघरी नवं शिजलं: चवळीच्या शेंगा, कोनफळ, काकडी. धोंडीने पहिली ओंजळ आपल्या थाळीतून जानीच्या थाळीत घातली. मग म्हणाली, “भोपळे तुझ्या फळीवर नेऊन ठेव. मला रात्री त्यांच्यामुळे खोलीत पाय पसरता येत नाय.” एवढंच. जानीने जेवण अर्धं सोडून भोपळे नेले, एकेक करून, प्रत्येक कानाशी हलवून.

मलाही वाढलं. मिठात उकडलेल्या नुसत्या शेंगा. सुनिता, त्या सप्टेंबरमधल्या शेंगांपेक्षा जून होत्या, दोऱ्या निघत होत्या. मी शेवटची शेंग संपवली आणि मला वाटलं की या लोकांनी मला काय दिलं आहे हे मला कधी सांगता येणार नाही. आत्ताही येत नाही.

आता हे पत्र लिहायचं खरं कारण.

मी तुला फोन लावला नव्हता.

दुपारी चारला डॉक्टरांनी कागद पुढे केला. ते थांबायला तयार होते. म्हणाले, संध्याकाळपर्यंत विचार करा, घरच्यांशी बोला. फोन माझ्या हातात होता, तुझं नाव काढलेलं होतं. तू नको म्हणाली असतीस. आईला घरी ने म्हणाली असतीस. मला तिला वाचवायचं होतं, आणि तू नको म्हटल्यावर माझ्या हातून सही झाली नसती. म्हणून फोन खिशात ठेवला आणि सही केली. त्या दिवसाची डायरी आज काढून पाहिली. ‘सुनिताचा फोन लागला नाही’ असं मी लिहिलं आहे. डायरीतसुद्धा. ती तर माझ्याशिवाय कुणी वाचत नाही.

माफ कर असं लिहिणार होते. पण मग ते पुन्हा माझ्याच मागण्याचं पत्र होईल. तुला फक्त हे ठाऊक असायला हवं होतं.

निलम


डहाणू रोड
रविवार, २१ जानेवारी २०१८

सुनिता,

तुझं पत्र गुरुवारी आलं. शाळेत मधल्या सुट्टीत उघडलं, मग ग्रंथालयाला आतून कडी लावली.

तू लिहिलं आहेस की त्या दिवशी दुपारी तुझ्या फोनची बॅटरी संपली होती. दोन तास. की आई गेल्यापासून तू त्या दोन तासांचाच विचार करत होतीस. माझा राग होता, पण त्याच्याखाली हे होतं, की फोन चालू असता तर आई घरी गेली असती. की माझं नाव दिसलं की ते दोन तास आठवायचे, म्हणून माझा नंबरच काढून टाकलास. आणि आता कळतं आहे की ते दोन तास फुकट वाहिलेस.

हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाटत होतं, मी फक्त माझी लाज झाकली होती. ती झाकताना तुझ्यावर काय ठेवलं ते मी पाहिलंच नाही. तू लिहितेस, ‘तुला माफ केलं असं समजू नकोस.’ समजत नाही. तू लिहिलंस, कागदाच्या दोन्ही बाजू भरून लिहिलंस, चिडून लिहिलंस. पहिल्या पत्रात मागितलं होतं त्याहून ते कितीतरी जास्त आहे. तुझं अक्षर अजून तसंच उजवीकडे पडतं.

तू बागेचंही विचारलंस, शेवटी, कोपऱ्यात, बारीक अक्षरात. मेथी झाली, मुळे झाले. पाइप काही मिळाला नाही. पाहुणे परत आले नाहीत. हंडेच वाहतो, आता मीही पाळीत आहे, माझा वार शनिवार. जानी म्हणते, माझी चाल सुधारली, पाणी कमी सांडतं. रखमी म्हणते, सांडायचं तेवढं आता बाय वाटेवर पिते.

आता तू जे विचारलं आहेस ते. आईचे शेवटचे दिवस मी तुला कधी सांगितले नाहीत आणि तू ते माझ्याकडे सगळे मागितले आहेस, जसे होते तसे, सजवू नको म्हणालीस. आठही दिवस लिहून काढते आहे, पुढच्या कागदांवर आहेत. काही ठिकाणी मला आठवत नाही, तिथे ‘आठवत नाही’ असंच लिहिलं आहे. पण पहिला दिवस इथेच सांगते, कारण त्यातलं एक तुझं आहे आणि ते मी अडीच वर्षं माझ्याकडे ठेवलं.

आत नेण्याआधी तिने विचारलं, “सुनिता निघाली का?” मी हो म्हटलं. तेही खोटंच होतं. पण ती खूश झाली. तिचा हात थंड होता, मी चोळत होते. म्हणाली, “ती आली की आधी तिला जेवायला घाल. रिकाम्या पोटी ती फार भांडते.” मग म्हणाली, “आणि भांडली तर भांडू दे.”

तू दुसऱ्या दिवशी आलीस, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात आपण भांडलो. मी तुला साधा चहासुद्धा विचारला नाही. ती गेली त्या दिवशीही तू न जेवता परत गेलीस, मी दारातून पाहिलं.

तू कधी ये असं मी म्हणत नाही. मात्र आलीस, तर स्टेशनवरून सरळ घरी ये, आणि भांडणाला जेवल्यानंतर बस. मी बोंबील भाजून ठेवीन.

तुझी,
निलम